ताप आल्याचा अर्ज

ग्वाल्हेरच्या शाळेत पाचवी-सहावी ओलांडलेल्या प्रत्येक मुलाला एक मजकूर तोंडपाठ असतो. हिंदी व्याकरणाच्या तासाला तो शिकवतात आणि परीक्षेत हमखास विचारतात. 'सेवा में, श्रीमान प्रधानाचार्य महोदय' अशी सुरुवात, मग 'सविनय निवेदन है', आणि शेवटी 'आपका आज्ञाकारी शिष्य'. या दोन टोकांच्या मधे दोन ओळींची जागा उरते. तिथे ताप असतो. एखाद्या नमुन्यात मोठ्या बहिणीचं लग्न सापडतं, पण ते अपवादाला. अर्जाचा खरा मालक ताप. मराठी घरातलं मूल घरी ठणठणीत असतं आणि कागदावर 'ज्वर से पीड़ित' होतं.

मी या शहरात सव्वीस वर्षं गणित शिकवलं. शाळा लष्कर भागातली, त्यामुळे प्रत्येक वर्गात पाच-सात तरी मराठी आडनावं असायचीच. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की या पाच-सातजणांना एकाच दिवशी ताप चढायचा आणि विसर्जन झालं की एकाच दिवशी उतरायचा. शेजारच्या बाकांवरच्या पस्तीस मुलांना त्याची जराही बाधा होत नसे. भाऊबीजेला दुसरी साथ यायची. तिसरी जानेवारीत, पण ती सरकारी नोकरदारांच्या मुलांत, आडनावाचा भेद न करता. अर्जांची चळत माझ्या टेबलावर यायची आणि मी सही करायचे. मला सगळं ठाऊक असायचं, कारण त्यातल्या दोन-तीन घरी मी स्वतःच महालक्ष्मीच्या जेवणाला जाऊन आलेली असायचे.

असा एक अर्ज मीही लिहिलेला आहे. माझी मुलगी सातवीत असताना पुण्याला माझ्या पुतण्याची मुंज निघाली. मुहूर्त फेब्रुवारीतला, वार्षिक परीक्षा तोंडावर. झेलम एक्सप्रेसनं एक दिवस नि एक रात्र जायला, तेवढंच यायला, मधे चार दिवस. तिच्या शाळेत मी 'ज्वर' लिहून पाठवला. खरं कारण लिहिलं असतं तर रजा मिळाली नसती असंही नाही. पण विचारायचं, मग नाही म्हटलं तर काय, ही कटकट कोणी करावी? परत आल्यावर बाईंनी तिला विचारलं, "अब तबीयत कैसी है?" त्यावर या पोरीनं ताप कसा चढला, डॉक्टरांनी कोणतं इंजेक्शन दिलं, दोन दिवस नुसत्या खिचडीवर कसे काढले, याचं साग्रसंगीत वर्णन केलं. घरी येऊन तिनं मला ते हसत हसत ऐकवलं. मला ते अजिबात आवडलं नाही, आणि आवडलं नाही असं म्हणायला तोंडही नव्हतं.

शाळा चालू असताना मुलांना फिरायला, लग्नाला, देवाला न्यावं की नेऊ नये, हा वाद अलीकडे घरोघर होतो. एक पक्ष म्हणतो, चार दिवसांनी काय बिघडतं, प्रवासात मूल जास्त शिकतं. दुसरा म्हणतो, शाळा म्हणजे शाळा. मला या दोन्ही पक्षांत बसता येत नाही. चार दिवसांनी काही तरी बिघडतं, हे मी फळ्यासमोर उभी राहून पाहिलं आहे. पण त्याहून जास्त बिघडतं ते त्या दोन ओळींच्या जागेत. ज्या रजेचं खरं कारण कागदावर लिहिता येतं ती ताठ मानेनं मागावी. जे कारण लिहायला हात धजत नाही त्याच्यासाठी मूल शाळेतून काढू नये. आणि खरं कारण वाचून पहिल्या झटक्याला 'नाही' म्हणणाऱ्या शाळेनंही आपल्याकडे इतके ताप का येतात याचा विचार करावा.

आता ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची अडचण आधी नीट मांडते, नाहीतर बाहेरच्याला वाटेल की आम्ही सगळे मुळातच खोटारडे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथं किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही, त्याचं शहर झालं आणि शहराचं नाव आजही लष्करच. 'शिंदे की छावनी' आणि 'चिटणीस की गोठ' या पत्त्यांवर राहणारी माणसं घरात मराठी बोलतात आणि दाराबाहेर हिंदी. दोनशे वर्षांत आमचं सगळं इथलं झालं, दोन गोष्टी सोडून: सोयरीक आणि कुलदैवत. मामा पुण्याला, आत्या नागपूरला, खंडोबा जेजुरीला, भवानी तुळजापूरला. घराचा निम्मा भाग रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आणि शाळेचं कॅलेंडर या टोकाला आहे. ते भोपाळहून येतं किंवा दिल्लीच्या बोर्डाच्या सोयीनं ठरतं. महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी जवळजवळ पंधरवड्याची. आमच्याकडे दिवाळीला मोजके दिवस मिळतात, आणि भाऊबीजेला मामाकडे जाऊन परत येण्याइतके ते कधीच नसतात. पुण्याची मावसभावंडं दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव उगवायची वाट पाहत बसलेली असतात तेव्हा आमची मुलं गणवेश घालून प्रार्थनेला उभी असतात. खरा किल्ला दारात, आणि मातीचा करायला सवड नाही. गोव्यात चवथीला शाळांना आठवडाभर सुट्टी असते. कोकणातल्या शाळाही गणपतीत बंद असतात. तिथलं कॅलेंडर तिथल्या माणसांना ओळखतं. ग्वाल्हेरनं आमच्यासाठी महालक्ष्मीची सुट्टी द्यावी असं मी म्हणणार नाही. या शहरात सिंधी आहेत, पंजाबी आहेत, जैन आहेत, मुसलमान आहेत; प्रत्येकाची एकेक महालक्ष्मी धरली तर शाळा भरायची कधी?

मग मे महिन्यात जा की, असं कोणी म्हणेल. मे ते जूनचा मध्य ही आमची मोठी सुट्टी. तेव्हा ग्वाल्हेरचा पारा ४५च्या पुढे जातो आणि अर्धं शहर एकाच वेळी पळ काढतं. आगगाडीचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. पण दिवस कितीही असोत, मे महिन्यातली पंजाब मेल उघडते तीच प्रतीक्षायादीत. डोंगरावरची हॉटेलं तेव्हा दुप्पट पैसे घेतात. शिवाय हे कचेऱ्यांचं शहर. १९५६मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला महालेखाकार, राजस्व मंडळ, परिवहन आयुक्त, आबकारी आयुक्त ही कार्यालयं आली. त्यातल्या केंद्रीय नोकरदारांना एलटीसी, म्हणजे प्रवासखर्चाची सवलत, असते: चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा भारतभर कुठंही. ब्लॉक डिसेंबरात संपतो. ब्लॉकचं शेवटचं वर्ष लागलं की घरात एकच घोष सुरू होतो, 'वाया जाईल'. साहेबांनी रजा दिली ती जानेवारीत, विमान मिळालं ते अंदमानचं, आणि मुलाची चाचणी सोमवारी.

नोकरदार बापाची ही भाषा पुढं मुलाच्याही अंगात मुरते. सीबीएसईनं दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी सांगितली आहे. त्याचा अर्थ पालक असा लावतात की २५ टक्के आपल्या खात्यावर जमा आहे. सीएल जशी वर्षाअखेर 'लॅप्स' होऊ द्यायची नसते, तशी ही पोराची सीएल. मला एका वडिलांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, याचे अजून किती दिवस शिल्लक आहेत?"

पालकांचा एक मुद्दा मात्र तोडता येत नाही. ते म्हणतात, शाळा स्वतः कुठं नेमानं भरते? शिक्षणहक्काच्या कायद्यात वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा चालली पाहिजे असं लिहिलं आहे. इकडे जानेवारीत थंडीची लाट आली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, शाळा बंद. निवडणूक आली की शाळेचं मतदान केंद्र होतं आणि शिक्षकांची ड्यूटी लागते. त्याच कायद्याच्या २७व्या कलमानं निवडणूक, जनगणना आणि आपत्तिनिवारण एवढी कामं शिक्षकाकडून करून घ्यायला मुभा दिली आहे. मी स्वतः मतदान केंद्रावर रात्र काढली आहे आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गाचे अपूर्णांक तसेच राहिले आहेत. मग आम्ही चार दिवस घेतले तर एवढं काय?

फरक एवढाच, की शाळा बंद असते तेव्हा बेचाळीस मुलं एकत्र मागे पडतात. उघडली की मी सगळ्यांना जिथं सोडलं तिथून पुढं नेते. तुमचं मूल एकटं जातं तेव्हा ते एकटं मागे पडतं. इतिहासात चार दिवस बुडले तर अकबर वाचून काढता येतो. गणितात तसं होत नाही. मंगळवारी छेद समान करायला शिकवला, बुधवारी बेरीज, गुरुवारी वजाबाकी. शुक्रवारी परत आलेल्या मुलाला वजाबाकी दिसते, पण छेद समान का केला ते ठाऊक नसतं. हुशार मूल नियम पाठ करून वेळ मारून नेतं, आणि दोन वर्षांनी बीजगणितात पहिल्या पायरीवर अडकतं. तेव्हा आई म्हणते, याला गणिताची गोडी नाही. त्याला गोडी होती. त्याचा मंगळवार नव्हता.

तो मंगळवार मला परत द्यावा लागतो. मधल्या सुट्टीत त्याला बसवून मी छेद समान करायला शिकवते तो वेळ दुसऱ्या कुणाचा तरी असतो. बहुधा वर्गात रोज येणाऱ्या, कधीही काही न मागणाऱ्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीचा. मूल माझं, फी मी भरते, नुकसान झालं तर माझं होईल, असं म्हणणारे पालक या मुलीला हिशेबात धरत नाहीत.

इंग्लंडनं ती धरली आहे, आणि फार कडकपणे. तिथं २०१३पासून मुख्याध्यापकाला 'अपवादात्मक परिस्थिती' असल्याखेरीज चालू शाळेतून रजा देता येत नाही. वाइट बेटावरच्या जॉन प्लॅट या गृहस्थांनी एप्रिल २०१५मध्ये आपल्या मुलीला सात शाळेचे दिवस बुडवून फ्लोरिडाला डिस्नेच्या जगात नेलं. त्यांनी आधी रीतसर रजा मागितली होती, ती नाकारली गेली, तरी ते गेले. ६० पौंड दंड झाला, भरला नाही म्हणून १२० झाला, तोही त्यांनी भरला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला. प्रश्न एका शब्दाचा होता: मुलानं शाळेत 'नियमित' जावं असं कायदा म्हणतो, तर नियमित म्हणजे काय? पुरेसं वारंवार? की शाळेच्या नियमांप्रमाणे? ६ एप्रिल २०१७ला न्यायमूर्ती लेडी हेल यांनी निकाल दिला: नियमांप्रमाणे. पालकांना वाटेल तेव्हा मूल काढता आलं तर बाकीच्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या कामात अडथळा येतो, हा विचार त्यामागे होता. म्हणजे माझी शेवटच्या बाकावरची मुलगी लंडनच्या न्यायालयात पोचली तर!

जर्मनीत तर २०१८मध्ये बव्हेरियाच्या पोलिसांनी मेमिंगेनच्या विमानतळावर सुट्टी लागायच्या आधीच निघालेली शाळकरी मुलांची कुटुंबं हेरली होती. ग्वाल्हेर स्टेशनाच्या फलाटावर महालक्ष्मीच्या आदल्या दिवशी असा पहारा बसवला तर झेलमचे दोन डबे रिकामे जातील.

हे वाचून आपल्याला हसू येतं, पण मराठी माणसाला हा दंड परका नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. विधेयक १९१२मध्ये फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करताना कुचराई करणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड सांगितला. त्या काळचा रुपया ही काही गंमत नव्हती.

या दंडांत आणि इंग्लंडच्या दंडात एक फरक मात्र आहे. सयाजीरावांच्या आणि शाहूंच्या दंडामागे राज्य मुलाच्या बाजूनं, त्याच्या बापाच्या विरुद्ध उभं होतं. गुरं वळायला नेलेला मुलगा, धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी, यांना शाळेत आणायचं होतं. डिस्नेला नेलेल्या मुलीला बापाविरुद्ध राज्याची गरज नव्हती. तिथं दंड शिस्तीसाठी आहे, आणि शिस्तीच्या दंडाचं काय होतं ते हैफा शहरात दिसलं. ग्नीझी आणि रुस्तिकिनी या दोघा संशोधकांनी तिथल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळायला व्हायचं. आता पैसे भरले की झालं.

इंग्लंडमधली मराठी कुटुंबं हाच हिशेब करतात, हे मला माझ्याच नात्यातून कळलं. ऑगस्ट २०२४पासून तिथं दंड ८० पौंड, तोही दर मुलामागे आणि दर पालकामागे. आईबाप दोघं, मुलं दोन, म्हणजे ३२० पौंड. डिसेंबरात सगळे निघतात तेव्हाचं भाडं आणि जानेवारीच्या मध्यातलं भाडं यातला चौघांचा फरक बहुधा याच्या वर जातो. मग पुतणीच्या लग्नाच्या खर्चात एक ओळ वाढते, 'शाळेचा दंड'. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झाला तर १६०, तिसऱ्यांदा कोर्ट. पण एवढं मान्य केलं पाहिजे की तिथं जो लिहितो तो खरं लिहितो. तो दंड भरतो आणि त्याचं मूल वर्गात सांगतं, मी भारतात लग्नाला गेले होते. आमच्याकडे दंड नाही आणि ताप आहे.

आपला कायदा या बाबतीत निराळा आहे, आणि मला वाटतं शहाणा आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या १०व्या कलमात पालकाचं कर्तव्य सांगितलं आहे ते मुलाला शाळेत दाखल करण्याचं. पालकाला शिक्षा कुठंच नाही. 'सक्ती' या शब्दाचा अर्थ ८व्या कलमात दिला आहे, तो सरकारवरची सक्ती असा: मूल दाखल होईल, हजर राहील आणि शिक्षण पुरं करील हे पाहणं सरकारचं काम. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढं एलटीसीवाले नव्हते.

त्यांच्या डोळ्यांपुढं कोण होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. शिवपुरी आणि श्योपूरकडचे सहरिया आदिवासी मोहरी-गव्हाच्या कापणीला घर सोडून जातात. अशा चैत्रातल्या कापणीच्या मजुरांना आमच्या भागात 'चैतुआ' म्हणतात. सोबत मुलं जातात, आणि तो काळ नेमका परीक्षेचा. महाराष्ट्रात बीडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्याकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलगी मोठी असेल तर ती कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्याला सांभाळते. सरकारनं त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहं काढली, स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेनं सामावून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक दिलं. तरीही महिनाभर सलग न दिसलेलं मूल तिकडे 'शाळाबाह्य' या रकान्यात जातं.

हजेरीपटावर अंदमानला गेलेल्या मुलाला जी खूण मिळते तीच चैत्र कापायला गेलेल्याला मिळते. पण पुढची भाषा बदलते. एकाचं होतं 'एक्सपोजर', दुसऱ्याचं 'अनियमित'. एक परत येतो तेव्हा वर्गाला शंखशिंपले दाखवतो आणि आम्ही बाया कौतुक करतो. दुसरा परत येतो तेव्हा आम्ही विचारतो, इतके दिवस कुठं होतास? पहिल्याकडे ताप आल्याचा अर्ज असतो. दुसऱ्याकडे काहीच नसतं. त्याच्या आईला अर्ज लिहिता येत नाही आणि तिला खोटं बोलायची गरजही वाटत नाही. 'काम पे गए थे,' ती सरळ सांगते. माझ्या सव्वीस वर्षांत गैरहजेरीची सगळ्यांत खरी कारणं मला अशाच बायांनी सांगितली, आणि सगळ्यांत जास्त बोलणीही मी त्यांनाच ऐकवली.

आणि एक गैरहजेरी अशी आहे की तिला कुणी गैरहजेरीच म्हणत नाही. दहावी झाली की आमच्याकडची मुलं कोट्याला जातात. अकरावी-बारावी नावापुरती एखाद्या शाळेत. शाळेत पाऊल नाही, हजेरी मात्र भरलेली. 'डमी' हा शब्द इथल्या आज्ज्यांनाही कळतो. नोव्हेंबर २०२४मध्ये सीबीएसईनं अशा २१ शाळांची मान्यता काढली, १६ दिल्लीच्या आणि ५ राजस्थानातल्या. चार दिवसांच्या मुंजीसाठी कपाळाला आठ्या घालणारे पालक दोन अख्ख्या वर्षांच्या खोट्या हजेरीला पैसे मोजून सही करतात. तिथं कोणी म्हणत नाही की शाळा म्हणजे शाळा. म्हणजे आपला आक्षेप गैरहजेरीला नव्हताच. मूल आनंदासाठी गेलं याला होता.

प्रवासात मूल जास्त शिकतं, या वाक्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण या गावात ते सहज पटतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घरदार सोडून ग्वाल्हेरला आले, वासुदेवबुवा जोशांकडे ख्याल शिकले आणि तो दक्षिणेत घेऊन गेले. कुठल्या शाळेच्या हजेरीपटात ते बसले असते? पण ते शिकायला आले होते, आणि वर्षानुवर्षं राहिले. चार रात्री-पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये जे होतं त्याला मी फिरणं म्हणेन, आणि फिरणं चांगलंच असतं. त्याला शिक्षणाचा शेला पांघरायची गरज नाही. मूल समुद्र बघून खूश झालं एवढं पुरे की.

आणि शिकण्यासारखं दारात असतं तेव्हा आम्ही काय करतो? माधवराव शिंद्यांनी १९०५मध्ये सुरू केलेला मेळा दर हिवाळ्यात भरतो. डिसेंबरात तानसेनच्या समाधीवर समारोह होतो. सुरुवातीला ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मीलादही होतो, एकाच आवारात. यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी एकही दिवस शाळा बुडवावी लागत नाही, मेळा तर संध्याकाळीच रंगतो. तिथं मला माझे विद्यार्थी दिसायचे ते सॉफ्टीच्या रांगेत. हरिकथेला एखाददुसरा.

मग कुठली कारणं चालतील? आजोबांची पंचाहत्तरी, सख्ख्या मामाचं लग्न, कुळाचार, आजीचं शेवटचं आजारपण: हे सगळं सुट्टी बघून येत नाही, आणि मुलानं तिथं असावं. हे लिहिताना हात थरथरायचं कारण नाही. 'तिकीट स्वस्त होतं' हेही लिहून पाहावं. कदाचित लिहिताना आपलं आपल्यालाच कळेल की आणखी पाच हजार घालून मे महिन्यात जाता येईल. कदाचित खरोखरच जाता येणार नाही. रजा त्याच आठवड्यात मिळाली असेल, पैसे तेवढेच असतील. मग तेही लिहावं. माझी एकच अट: कागद मुलानं वाचलेला असावा, आणि त्यानं त्यावर आपल्या हातानं सही करावी.

शाळांनी काय करावं? वर्षाचे चार-पाच दिवस 'घरगुती कारण' म्हणून आधी सांगून घेता यावेत, परीक्षेचे आठवडे सोडून, आणि त्या दिवसांत काय शिकवलं जाणार आहे ते मुलाला आधी मिळावं. याला ना कायदा लागतो ना पैसा. मुख्याध्यापकाला अर्ज वाचावा लागेल, एवढंच. हीच सवलत न मागता त्या चैत्र कापणाऱ्या मुलाला मिळावी. तो परत येईल तेव्हा 'कुठं होतास' हा प्रश्न गिळून त्याचा मंगळवार त्याला परत द्यावा, शंखशिंपलेवाल्याच्या आधी.

इथल्या गोरखीच्या शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचं नाव असलेलं जुनं रजिस्टर शाळेनं जपून ठेवलं आहे आणि पाहुण्यांना ते अभिमानानं दाखवतात. रजिस्टरांची एवढी किंमत करणाऱ्या गावाला त्यांत काय भरलं जातं याची थोडी चाड असायला हरकत नाही.

माझं मागणं शिक्षणखात्याकडे नाही, इथल्या हिंदीच्या शिक्षकांकडे आहे. सहावीच्या वर्गात अर्जलेखन शिकवाल तेव्हा यंदा नमुन्यातला ताप काढून टाका. फळ्यावर लिहा: घरी महालक्ष्मी आहे, तीन दिवस येणार नाही, राहिलेला अभ्यास करून आणीन. पुढं 'आपका आज्ञाकारी शिष्य' आहे तसंच राहू द्या.